झाकलेली जखम

मराठी साहित्यात जखमांचा तुटवडा कधीच नव्हता. कवितेत त्या भळभळतात, कादंबरीत चिघळतात, आत्मचरित्रात त्यांच्यावर खपली धरते आणि समीक्षेत ती खपली काढली जाते. आपल्या कल्पनाविश्वातली सर्वांत भयंकर जखम अश्वत्थाम्याची. ती भयंकर का, तर ती मिटत नाही म्हणून. तेल मागत हिंडणारा तो चिरंजीव आपल्याला शापित वाटतो, कारण त्याच्या कपाळावरची जखम उघडी आहे. मिटली म्हणजे बरी झाली आणि उघडी राहिली म्हणजे घात झाला, हे आपण जणू भाषेनेच गृहीत धरले आहे. आम्ही दोघेही गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि हे गृहीतही नकळत शिकवत आलो आहोत. त्याच्याकडे संशयाने पाहायला आम्हांला भाग पाडले ते कुठल्या ग्रंथाने नव्हे, तर जीवाणूंच्या एका कुळाने. त्या कुळाविषयी आणि त्याने आमच्या घरात घातलेल्या गोंधळाविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

प्रारंभ एका शब्दापासून करू. ‘धनुर्वात’ हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. खिळा लागला, पत्रा कापला, की घरातले कोणीतरी तो उच्चारतेच. शरीर धनुष्यासारखे मागे वाकते म्हणून ‘धनु’ आणि सर्व आक्षेपक विकार वातामुळे होतात या जुन्या समजुतीमुळे ‘वात’. सुश्रुतसंहितेत ‘धनुःस्तंभ’ या नावाने या विकाराचे वर्णन आहे; म्हणजे निरीक्षण जुने आणि अचूकही. गंमत अशी, की ज्या जीवाणूमुळे हा रोग होतो त्याला वात, म्हणजे साधी हवा, मुळीच सोसत नाही. नावात वारा आणि स्वभावात वाऱ्याचे वैर! ‘जखमेला वारा लागू देऊ नकोस’ असे बजावणाऱ्या आपल्या आज्यांना हे कळते तर त्या बुचकळ्यात पडल्या असत्या.

हवेवाचून जगणारे जीव असू शकतात, ही गोष्ट प्रथम सांगितली लुई पाश्चर यांनी, १८६१ साली. सूक्ष्मदर्शकाखाली द्रवाचा थेंब पाहताना त्यांच्या लक्षात आले, की थेंबाच्या मध्यभागी जीवाणू चपळाईने हिंडत आहेत, पण कडेला, जिथे हवेचा स्पर्श होतो तिथे, ते निश्चल पडले आहेत. प्राणवायूने प्राण जावा, ही कल्पना त्या काळी धक्कादायक होती. आपल्या शालेय पुस्तकांत ‘विनॉक्सी श्वसन’ असा शब्द आहे. त्याच धर्तीवर यांना विनॉक्सी जीवाणू म्हणू. ते मातीत आहेत, शेणात आहेत, आपल्या आतड्यांत आणि हिरड्यांतही आहेत. धनुर्वाताचा जीवाणू प्रतिकूल काळात कवच धारण करून मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो. जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी १८८९ साली हवा वगळून त्याची शुद्ध वाढ करून दाखवली आणि पुढल्याच वर्षी बेरिंग यांच्यासह त्याच्या विषावरील उताऱ्याची वाट उघडली.

आता जखमेकडे पाहू. रुंद, वाहती, भीतिदायक दिसणारी जखम या जीवाणूंना फारशी मानवत नाही. तिथे रक्त खेळते, हवा लागते. त्यांना हवी असते अरुंद तोंडाची आणि खोल पोटाची जखम. खिळ्याची, काट्याची, सळईची. वरचे तोंड दोन दिवसांत मिटते. आत मेलेले मांस, थोडी माती, साकळलेले रक्त राहते. सोबत आलेले इतर जीवाणू उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात आणि विनॉक्सी मंडळींसाठी घर तयार होते. पहिल्या महायुद्धात शेणखत घातलेल्या फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत जखमी झालेल्या सैनिकांवर सुरुवातीला शल्यवैद्यांनी नेहमीच्या पद्धतीने टाके घातले आणि टाक्यांखाली गॅस गँग्रीन पसरली. मांसात वायू भरून ते कुरकुरू लागे आणि एक-दोन दिवसांत माणूस जाई. तेव्हा वैद्यकाने आपली रीत बदलली. मेलेले मांस कापून काढायचे, जखम उघडीच ठेवायची, काही दिवसांनी ती स्वच्छ असल्याची खात्री पटली तरच शिवायची. मळलेली जखम मिटवू नये, हा नियम असा हजारो प्राण मोजून शिकला गेला.

मुंबईकराला या विषयाचा शोध घ्यायचा तर फार दूर जावे लागत नाही. परळला जावे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वॉल्डेमार हाफकिन यांनी त्यावरील लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे १८९९ पासून परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा चालू लागली आणि तिथून देशभर लशीच्या बाटल्या जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना ‘५३ एन’ या क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ते १९ जण धनुर्वाताने मेले. बाकीच्या ८८ जणांना काही झाले नाही.

बाटली परळची, म्हणून दोष परळचा. चौकशी आयोग बसला, बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. आयोगापुढची कागदपत्रे मात्र लोकांसमोर यायला १९०६ चा शेवट उजाडला. ती उघड झाल्यावर रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित जीवाणुशास्त्रज्ञांनी ती बारकाईने वाचली. त्यांत दोन साधे तपशील होते. एक, मुल्कोवालला बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. दुसरा तपशील आमच्या दृष्टीने अधिक मोलाचा. बाटली उघडल्यावर डॉक्टरांनी लशीचा वास घेतला होता आणि त्यांना काही वावगे जाणवले नव्हते. धनुर्वाताचा जीवाणू बंद बाटलीत कित्येक आठवडे वाढत राहिला असता, तर दुर्गंधी लपली नसती. म्हणजे दोष परळचा नव्हता, बाटली उघडली त्या क्षणाचा असण्याचाच संभव अधिक. रॉस यांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मधून हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांची भारतात परतण्याची वाट मोकळी झाली. ते कलकत्त्यास रुजू झाले, १९१४ मध्ये निवृत्त झाले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले १९२५ साली. चार वर्षे बंद राहिलेल्या त्या कागदांचा एका माणसाच्या आयुष्यावर जो परिणाम झाला, तो पुढच्या सन्मानाने भरून निघाला असेल असे आम्हांला वाटत नाही.

त्याच परळमध्ये, हाफकिन संस्थेच्या शेजारीच, केईएम रुग्णालय आहे. धनुर्वाताचे किती रुग्ण मुंबईने पाहिले याची कल्पना डॉ. पटेल आणि डॉ. मेहता यांच्या १९९९ सालच्या शोधनिबंधाच्या शीर्षकावरूनच येते. त्यात ८,६९७ रुग्णांचा अभ्यास असल्याची नोंद आहे. एवढ्या रुग्णांचे निदान कशाने होत असे? रक्ताच्या तपासणीने नाही आणि जखमेतला जीवाणू शोधूनही नाही, कारण तो बहुतेकदा सापडतच नाही. निदान होते ते डोळ्यांनी, हातांनी. दातखीळ बसते, चेहऱ्यावर नको तसे हसू गोठते, पोट लाकडासारखे कडक होते. केईएममधले डॉ. आपटे आणि डॉ. कर्नाड यांनी १९९५ साली एक चाचणी तपासून प्रसिद्ध केली. घशाच्या मागच्या भागाला एका चपट्या पट्टीने स्पर्श करायचा. निरोगी माणसाला उबळ येते आणि तो पट्टी बाहेर ढकलतो. धनुर्वाताचा रोगी पट्टी दातांनी घट्ट चावतो. ४०० संशयित रुग्णांवर हे करून पाहिले, तेव्हा रोग असलेल्यांपैकी ९४ टक्क्यांनी पट्टी चावली आणि रोग नसलेल्या एकानेही चावली नाही. सोनोग्राफीच्या आणि स्कॅनच्या युगात एका पट्टीने केलेले हे निदान आम्हांला एखाद्या चांगल्या समीक्षकाच्या वाचनासारखे वाटते. साधन किरकोळ, पण नेमका स्पर्श कुठे करायचा ते ठाऊक.

परळहून गाडीने निघावे, कल्याणला कर्जतच्या फाट्याला लागावे, की पहिलेच स्थानक विठ्ठलवाडी. आम्ही इथे राहतो. जवळून वालधुनी वाहते. अंबरनाथचे शके ९८२ मधले शिवमंदिर याच नदीच्या काठी उभे आहे, म्हणजे कधीकाळी या पाण्याने देवाला अभिषेक होत असणार. आज तिचे पाणी काळे आहे. सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने यांनी नदीतला प्राणवायू संपला, की तिच्या तळाशी विनॉक्सी जीवाणूंचे राज्य सुरू होते आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. मराठीत ‘वास’ म्हणजे गंधही आणि वस्तीही. आमच्याकडे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

जुलै २०१९ मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली त्या दिवशी, वालधुनीही घराघरांत शिरली. पाणी ओसरल्यावर तळमजल्यावरचा गाळ काढायला सर्वांत पुढे कोण, तर तात्या. आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. वय बाहत्तर, मधुमेह अठरा वर्षांचा, स्वभाव कोणाचे न ऐकण्याचा. गाळात एक खिळा त्यांच्या उजव्या तळव्यात, बोटांच्या मुळाशी, शिरला. दुखले नाही, मधुमेहाने पायाची जाणीव आधीच बोथट झाली होती. गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले, हळद दाबली, पट्टी लावली. तिसऱ्या दिवशी भोक मिटले. तात्यांनी पाय मोज्यात घातला आणि विषय संपवला. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण त्यांनी आयुष्यभर पाळली होती. गिरणी बंद पडल्यानंतरची वर्षे त्यांनी कशी काढली, हे आजही आम्हांला पुरते ठाऊक नाही.

पाचव्या दिवशी घरात उदबत्त्यांचे प्रमाण वाढले. सूनबाईंना संशय आला.

‘‘तात्या, मोजा काढा बघू.’’

‘‘अगं, काही नाही. नदीचाच वास आहे तो.’’

‘‘नदी ओसरून चार दिवस झाले, तात्या.’’

मोजा निघाला. तळव्यावर खिळ्याची खूण जेमतेम दिसत होती. पण पाऊल सुजून तकतकत होते, दोन बोटांच्या मधली त्वचा काळसर निळी पडली होती आणि वासाविषयी शंका उरली नाही. कल्याणच्या शल्यवैद्यांनी पावलावर बोट दाबले, आत काहीतरी कुरकुरले. एक्स-रेत मांसामध्ये हवेचे काळे बुडबुडे दिसले. त्यांनी सुईने पू ओढून घेतला, सिरिंजमधली हवा काळजीपूर्वक काढून टाकली आणि नमुना लगेच प्रयोगशाळेत पाठवला. नुसता बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यातले हे जीवाणू हवेनेच मरतात आणि अहवालात ‘काही आढळले नाही’ असे येते, हे त्यांनी आम्हांला सांगितले. अहवाल यायला तीन-चार दिवस लागणार होते. ‘‘तोवर थांबलो तर पाय जाईल,’’ ते म्हणाले. ‘‘आत्ता उघडले तर बहुधा बोटांवर निभावेल.’’

धनुर्वाताच्या इंजेक्शनाने एक शत्रू अडवला होता. या बाकीच्या कुळाविरुद्ध लस नाही. त्यांच्यावर उपचार तीन. मेलेले सर्व कापून काढणे, औषधे देणे आणि रक्तातली साखर ताब्यात आणणे. औषधांत एक मेट्रोनिडाझोल होते. ते निघाले वेगळ्याच परोपजीवीसाठी. १९६२ साली डी. एल. एस. शिन या इंग्रज दंतवैद्यांनी एका स्त्रीचे निरीक्षण नोंदवले, की त्या परोपजीवीवर औषध घेताना तिच्या चिघळलेल्या हिरड्याही बऱ्या झाल्या. विनॉक्सी जीवाणूंवरचा हा गुण असा अनपेक्षितपणे हाती आला. पण औषध रक्तातून जाते आणि मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही. म्हणून सुरीला पर्याय नव्हता.

संमतिपत्रावर सही करायची वेळ आली तेव्हा मुलाने पेन घेतले. तात्यांनी ते काढून घेतले. ‘‘पाय माझा आहे,’’ एवढेच म्हणाले आणि स्वतः सही केली.

दोन बोटे गेली, पाय वाचला. पावलावर चार बोटे लांबीची जखम उरली आणि ती शिवलेली नव्हती. रोज स्वच्छ करायची, औषधी पाण्यात भिजवलेली जाळीची पट्टी तळापर्यंत हलकेच भरायची, म्हणजे वरचे तोंड आधी मिटणार नाही. जखम तळापासून वर भरत आली पाहिजे, असे परिचारिकेने समजावून सांगितले. पहिल्या आठवड्यात आम्हां दोघांनाही ती पाहवत नसे. मग हळूहळू तिच्यात लालसर दाणेदार मांस दिसू लागले. अडीच महिने लागले. त्या काळात तात्या रोज स्वतःची जखम आरशात पाहत आणि तिची प्रगती शेजाऱ्यांना सांगत. मोजा त्यांनी पुन्हा घातला नाही.

असो. हे सर्व साहित्याच्या व्यासपीठावर कशाला, असे सुज्ञ वाचक म्हणतील. उत्तर आमच्या वर्गात आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० साली. तेव्हापासून एक प्रश्न या पुस्तकांचा पाठलाग करतो आहे आणि आजही दर वर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी तो विचारतो: ‘‘सर, मॅडम, आता या जुन्या जखमा उकरून काढायच्या कशाला?’’ प्रश्न बहुधा दुष्टपणाने विचारलेला नसतो. मिटले म्हणजे बरे झाले, हेच गृहीत त्यामागे असते. पूर्वी आम्ही सामाजिक वास्तव, अनुभवाची प्रामाणिकता वगैरे सांगत असू, आणि ते चुकीचे नव्हते. आता आम्ही आधी उलट विचारतो, की जखम मिटली आहे हे कोणी ठरवले? ज्याला ती झाली त्याने, की ज्याला वास सहन होत नाही त्याने?

रूपक ताणू नये, हे आम्हांलाही कळते. प्रत्येक मिटलेली जखम सडत नसते. स्वच्छ काप शिवावाच; उगाच उघडा ठेवला तर तोच दूषित होतो, मुल्कोवालच्या बाटलीसारखा. उघडण्याचा क्षणही निर्जंतुक लागतो, हे त्या १९ मृत्यूंनी शिकवले आहे. दुःख भोगले म्हणजे माणूस पुढच्या दुःखाला तयार होतो, ही आपली लाडकी कल्पनाही वैद्यकात टिकत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळत नाही, कारण घातक ठरलेले विष शरीराने ओळखावे इतकेही नसते. त्याला लस द्यावीच लागते. भोगण्याने शिकायला होतेच असे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरी चालवण्यापूर्वी सही लागते, आणि ती ज्याचा पाय त्याची. ‘बलुतं’ किंवा ‘उपरा’ लिहिणाऱ्यांनी ही सही स्वतः केली होती. आपण बाहेरचे लोक ‘झाका’ म्हणतो, तेव्हा तिचा विचार करत नाही. आणि ‘उघडा’ म्हणून आग्रह धरतो, तेव्हाही करत नाही.

हे वर्गात बोलून झाल्यावर उल्हासनगरहून येणारी एक सिंधी विद्यार्थिनी थांबली. तिचे घराणे फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, लष्कराच्या जुन्या बराकींत, उतरलेले. ती म्हणाली, आमच्या आजीने लहानपणच्या त्या प्रवासाविषयी एक शब्दही कधी कोणाला सांगितलेला नाही; मी विचारू का? आम्ही काही वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, ‘‘विचारायचे असेल तर आधी एवढेच विचार, की विचारू का. नको म्हणाल्या तर तिथेच थांब.’’

तिने विचारले की नाही, हे आम्हांला ठाऊक नाही. त्या वर्षी तिने प्रकल्पासाठी दुसराच विषय घेतला आणि चांगला केला.